गाडी कुणासाठी थांबते?

गणपती तोंडावर आले की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या सोसायट्यांत एकच चर्चा. रात्री निघायचं की पहाटे? पनवेलवरून जायचं, की कर्जत-खोपोली-पाली करत वाकणला महामार्ग गाठायचा? वडखळ टळेल, पण माणगावचं काय? सगळ्या बाजूंनी खल होतो. मागच्या सीटवर बसणाऱ्या मधुमेही आईने जेवायचं कधी, हे मात्र कुणी विचारत नाही.

तो प्रश्न माणगावच्या कोंडीत निघतो. आवाज चढल्यावर.

गिरणगाव सोडून या पट्ट्यात राहायला आलेल्या कोकणी घरांना ही वारी नवी नाही. आधी एसटी होती, मग रेल्वे आली, आता गाडी दारात उभी आहे. गाडी नवी आली तशी गाडीतली माणसं साठीच्या पुढे गेली. औषधांची पिशवी फुगली. प्रवासाची रीत मात्र तीच राहिली: एकदा निघालं की शक्यतो थांबायचं नाही.

ही रीत आता मोडा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख रुग्ण. शहरी भागात प्रौढांमध्ये प्रमाण १६.४ टक्के, म्हणजे साधारण सहा जणांत एक. तुमच्या गाडीत मोठी माणसं किती बसतात? मग हा एकट्या बाबांचा आजार कसा? निघण्याची, थांबण्याची, खाण्याची वेळ त्याच्यावरच ठरायला हवी.

बदलापूर ते कणकवली चारशे किलोमीटरच्या आसपास. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली मुलं दहावीच्या वयाला पोचली, तरी इंदापूर-माणगावचं नाव काढलं की चालकाच्या कपाळाला आठी पडते. कशेडीचा बोगदा झाला, घाटाचा त्रास वाचला. पण सणाच्या तोंडावर प्रवासाला किती तास लागतील, हे छातीठोकपणे कोण सांगेल?

रस्ता सरकारच्या हातात आहे. जेवणाची वेळ तुमच्या हातात आहे.

पहाटेची घाई बघा. बाबांनी नेहमीप्रमाणे इन्सुलिन टोचून घेतलं. रोज घरी टोचतात आणि अर्ध्या तासात पोहे खातात. आज पोह्यांऐवजी उत्तर मिळालं, “जरा दम धरा, पुढे चांगलं हॉटेल आहे.” पुढे म्हणजे कुठे? खोपोली गेली, पाली गेली. एका हॉटेलात गर्दी होती, दुसऱ्यापुढे गाडी लावायला जागा नव्हती. तोवर इन्सुलिन आपलं काम करत राहिलं.

त्याला ट्रॅफिक कळत नाही.

काही गोळ्यांचंही तेच. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याला हा धोका फार कमी. आपल्या आईच्या पाकिटावर यातलं कोणतं नाव आहे, हे स्टिअरिंगवरच्या मुलाला माहीत आहे? गाडीत कोणतं इंजिन ऑइल घालायचं, ते त्याला पाठ असतं.

रक्तातली साखर ७० च्या खाली आली की धोक्याला सुरुवात. ५४ च्या खाली गेली की प्रकरण गंभीर. आधी घाम, थरथर, धडधड, भूक. मग चिडचिड, बोलण्यात अडखळणं, गोंधळ. मेंदू मुख्यतः साखरेवर चालतो. ती कमी पडली की माणूस आधी बदलतो, मग कोसळतो.

आता कोंडीतलं ते भांडण आठवा.

गाडी अर्ध्या तासात दोन हात सरकलेली. बाबा अचानक ओरडतात, “मला नव्हतंच यायचं तुमच्याबरोबर.” मुलगा मान न वळवता म्हणतो, “दरवर्षी तुमचं हेच.” सून खिडकीबाहेर बघते. आई मधे पडते, तिलाही दोन शब्द ऐकावे लागतात. पोरं हातातला मोबाइल खाली ठेवून गप्प. बाबांच्या शर्टाची कॉलर भिजलेली आहे आणि एसी चालू आहे.

एसीत घाम का फुटला, हे कुणी विचारलं?

तिथे उत्तर द्यायचं नसतं. तिथे बोट टोचायचं असतं. ग्लुकोमीटर काही सेकंदांत आकडा दाखवतो, तेवढा वेळ कुठलंही भांडण थांबू शकतं. आकडा खाली असेल तर आधी साखर द्या. आकडा ठीक असेल तर बाबांचं म्हणणं नीट ऐका.

कारण मग राग खरा आहे.

बोट टोचण्याआधी हात साध्या पाण्याने धुवा, पुसा. लाडू खाल्लेल्या बोटावर साखर राहते आणि यंत्र खोटा आकडा दाखवतं. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा, कोकणातली दमट हवा त्यांना मानवत नाही. टोलमाफीचा पास काचेवर लावायला आपण विसरत नाही. ग्लुकोमीटर मात्र बदलापूरच्या कपाटात राहतो.

साखर खाली आली तर काय करायचं? जगभर डॉक्टर पंधराचा नियम सांगतात. लगेच रक्तात उतरेल अशी १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, पाण्यात ढवळून. १५ मिनिटं थांबायचं. पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. आकडा वर आला की पोळी-भाजीसारखं पोटाला आधार देणारं खायला द्यायचं. गोळ्यांमुळे खाली आलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना फोन करायचा.

पेढा, चॉकलेट किंवा बेसनाचा लाडू का नको? तुपातली आणि दुधातली साखर रक्तात उशिरा पोचते. टपरीवरचं ‘डाएट’ शीतपेय तर या वेळी बिनकामाचं, त्यात साखरच नसते. म्हणून ग्लुकोजचा पुडा गाडीत हवा, हाताला लागेल असा. डिकीत, सात बॅगांखाली ठेवलेला पुडा कुणाला वाचवणार?

माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. पाणी नको, साखर नको. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. हे गाडीतल्या दहा वर्षांच्या पोरालाही शिकवून ठेवा. त्याला मोबाइल तुमच्यापेक्षा चांगला येतो.

आणखी एक वाक्य गाडीत हमखास ऐकू येतं. “बाबा झोपलेत, उठवू नका.” मायेने म्हटलेलं असतं. पण इन्सुलिन घेऊन, धड न खाता झोपलेल्या माणसाची ती झोपच आहे की साखर उतरली आहे? ज्यांचा मधुमेह बराच जुना आहे, त्यांच्यापैकी काहींना साखर उतरल्याची सूचनाच मिळेनाशी होते. रक्तदाबाच्या काही गोळ्या धडधड आणि थरथर झाकून टाकतात.

उठवा. चिडले तर चिडू देत.

आता खाण्याच्या टेबलावर या. बाबांनी शिरा मागवला. लगेच सूर लागतो, “बाबा, चालतं का तुम्हाला?” मुलगी विचारते, सून विचारते, नातू विचारतो. वेटर तिथेच उभा, शेजारच्या टेबलावरच्या माना वळलेल्या. ज्या माणसाने उभा जन्म लोकलच्या गर्दीत काढून हे घर उभं केलं, त्याला चारचौघांत बशी मागे सारायला लावायची? हे कसलं पथ्य?

मग तो काय करतो? “पाय मोकळे करून येतो” म्हणतो आणि गाडीमागे उभा राहून चिक्की खातो. चोरून खाल्लेल्याची नोंद राहत नाही. संध्याकाळी आकडा वाढतो, तेव्हा सगळे औषधाला नावं ठेवतात.

पहारा बसवला की चोरी होणारच.

आणि पहारेकऱ्यांना तरी पथ्य कळतं का? शिरा काढून घेतला आणि मिसळीबरोबर दोन पाव जास्त दिले. मैद्याच्या पावाची रक्तात साखरच होते. उपवास आहे म्हणून साबुदाण्याची खिचडी पुढे केली, ती तर पिष्टमयच. गोड लागलं तरच साखर, हा समज कधी जाणार? अर्धी वाटी शिरा सगळ्यांनी वाटून खाल्ला असता तर बाबांचा मानही राहिला असता आणि आकडाही फारसा हलला नसता.

सोपा उपाय डब्याचा. १९४९ मध्ये वसलेल्या उल्हासनगरातल्या सिंधी घरांकडून तो शिकावा. शिर्डी असो की नाथद्वारा, प्रवासाच्या पिशवीत कोकी असते. कांदा-मिरची घातलेली, खरपूस भाजलेली गव्हाची जाड पोळी. दिवसभर टिकते. तूप असतं, म्हणून मोजून खावी. पण वेळ झाली की डबा उघडता येतो, हॉटेल शोधावं लागत नाही. आपलं थालीपीठ, आपली भाकरी हेच काम करते.

मात्र डबा म्हटला की सुनेच्या कपाळावर आठी उमटते, आणि ती बरोबरच आहे. निघायचं पहाटे पाचला. थालीपिठं थापायला तीनला कोणी उठायचं? आदल्या दिवसापर्यंत ऑफिस, नैवेद्याची खरेदी, पोरांचे कपडे, आणि वर सासऱ्यांचं पथ्यही तिच्याच गळ्यात. थालीपीठ मुलाला थापता येत नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

बाप त्याचा आहे.

आता ज्या विषयावर गाडीत कुणी मोठ्याने बोलत नाही, त्यावर बोलू. आई कर्जत गेल्यापासून पाणी प्यायलेली नाही. बाटली मांडीवर आहे, झाकण उघडलेलं नाही. प्यायलं की जावं लागेल. जावं लागलं की गाडी थांबवा म्हणावं लागेल. म्हटलं की पुढून आवाज येईल, “आत्ताच तर थांबलो होतो.” म्हणून ओठ कोरडे पडले तरी ती घोट घेत नाही.

साखर वाढलेली असली की लघवी जास्त होते, हे आजाराचंच लक्षण. काही नव्या गोळ्या तर लघवीवाटेच साखर बाहेर टाकतात. अशा वेळी पाणी तोडलं की शरीर सुकतं, साखर आणखी चढते, दाबून धरल्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण मिळतं. कित्येक बायका प्रवासाच्या सकाळी ती गोळीच गुपचूप चुकवतात. घरात कुणाला पत्ता नसतो.

पुरुषाला वाटेत एखादं झाड पुरतं. बाईला दरवाजा लागतो, कडी लागते, पाणी लागतं. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असणं बंधनकारक आहे. कुलूप दिसलं तर किल्ली मागा. आणि ती मुलाने मागावी, आईला काउंटरपाशी ताटकळत का उभं करायचं? गणेशोत्सवात महामार्गावर सुविधा केंद्रं उभी राहतात, तिथे आरोग्य पथकही असतं. ती कुठे आहेत, हे निघण्याआधी बघून घ्या. कोंडी किती आहे ते मोबाइलवर बघताच की.

दर दोन तासांनी गाडी थांबलीच पाहिजे. कुणी मागितलं नाही तरी. न मागता थांबली तरच आई पाणी पिईल.

आता इन्सुलिनची पिशवी. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन साध्या तापमानाला बहुधा चार आठवडे चालतं, पण उन्हात उभ्या गाडीत नाही. पाऊसकाळ असला तरी तासभर ऊन पडलं की बंद गाडीची भट्टी होते. म्हणून ते डॅशबोर्डवर नको, डिकीत नको. थंड पिशवीत, माणसांजवळ ठेवा, आणि जेवायला उतरलात की बरोबर न्या. बर्फात थेट खुपसूनही ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं असतं, वितळल्यावर ते कितीही चांगलं दिसो.

सगळ्यांची काळजी झाली, पण स्टिअरिंगवर बसलेल्याचं काय? चाळिशीतल्या कित्येक मुलांना स्वतःला मधुमेह आहे आणि तेच सलग आठ-दहा तास गाडी हाकतात. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकाने निघण्याआधी दोन तासांच्या आत साखर तपासायची आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा तपासायची, असा नियम आहे. आकडा आपल्या मापाने ९० च्या खाली असेल तर आधी खायचं. साखर फारच उतरली तर ती सावरल्यावरही पाऊण तास गाडी चालवायची नाही. आपल्याकडे लायसन्सच्या अर्जात चक्कर येते का, शुद्ध हरपते का, याचं उत्तर माणूस स्वतःच लिहून देतो आणि लायसन्स पाकिटात पडलं की ते विसरतो.

परशुराम घाटाच्या वळणावर हात थरथरला तर त्या उत्तराचा काय उपयोग?

गावी पोचलात. ओसरीवर पहिला सल्ला तयार असतो. “गोळ्या कसल्या खातोस? जांभळाच्या बियांची पूड घे.” बदलापूरकरांना तर हा सल्ला घरचा वाटतो. आमच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. जांभूळ खा, झाडं लावा, झाडं वाचवा. पण पुडीने गोळी सुटते, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. ज्याने गोळी लिहून दिली, बंद करायचा अधिकारही त्याचाच. आत्या, मामा, शेजारचे काका कितीही मायेने सांगोत.

पायांकडेही बघा. बारा-पंधरा तास लोंबकळलेले पाय सुजतात. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर काटा, खडा, चटका कळतच नाही. देवळात अनवाणी, अंगणात अनवाणी, विसर्जनाला ओल्या वाटेवर अनवाणी. रात्री एकाने आईचे तळपाय उजेडात बघावेत, बोटांच्या बेचक्यांसकट. गणपतीला जास्वंद वाहणाऱ्या हातांना एवढं अवघड नाही.

आणि मोदक? बाबांना मोदक द्या. एक द्या, जेवणाबरोबर द्या, त्या वेळचा भात तेवढा कमी वाढा, आणि सगळ्यांसमोर द्या. सणाच्या दिवशी घरच्या माणसाच्या पानातला मोदक उचलून घेणं ही काळजी नव्हे. तो मोदक हिशोबात बसवणं ही काळजी.

कटकट आजाराने होत नाही. आधी न बोलल्याने होते.

तेव्हा निघायच्या आदल्या रात्री, बॅगा भरून झाल्या की सगळे जण एकत्र बसा. प्रवासाच्या दिवशी गोळ्या आणि इन्सुलिन कधी, किती, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहा. नाश्ता झाल्याशिवाय इन्सुलिन घेतलेल्या माणसाला गाडीत बसवू नका. ग्लुकोमीटर, ग्लुकोज आणि डबा कुणाच्या पायाशी राहील, ते ठरवा. साखर तपासायचं काम एकाच माणसाकडे द्या, बाकीच्यांनी टोकायचं नाही. आणि गाडी थांबवायचा शब्द आई-बाबांना द्या. त्यांनी “थांब” म्हटलं की थांबायचं. का, किती वेळ, आत्ताच तर थांबलो होतो, यातलं काहीही विचारायचं नाही.

यामुळे तासभर उशीर होईल. गावच्या घरी दिवा लावायला थोडा वेळ लागेल, भटजींना जरा ताटकळावं लागेल, भाऊबंदांच्या गाड्या आपल्या पुढे जातील. जाऊ देत. गणपती दीड दिवस असो वा दहा, तो तासाभराच्या उशिराने रुसत नाही.

गाडीत बसवलेल्या माणसाला उपाशी, तहानलेलं आणि गप्प ठेवून वेळेत पोचणं, याला प्रवास म्हणत नाहीत. या वर्षी आईने बाटलीचं झाकण उघडलं की नाही, तेवढं आरशात बघा. उघडलं नसेल तर पुढच्या पंपावर गाडी घ्या.